अर्थ मिळत नाही

आयुष्यात साडेतीन महिने मी एका ट्रकचा मालक होतो. हे कुणाला सांगितले की तो आधी माझ्या चष्म्याकडे बघतो, मग मनगटांकडे, आणि शेवटी सौ.कडे बघून खात्री करून घेतो. त्याचे बरोबर आहे. तर्कशास्त्राच्या प्राध्यापकाचा ट्रकशी संबंध फार तर रस्ता ओलांडताना यावा, आणि तोही निसटता यावा, एवढीच घरच्यांची इच्छा असते.

पण १९८५ च्या दिवाळीनंतर आमचे अण्णा, म्हणजे सौ.चे थोरले बंधू, कराडला मोटारसायकलवरून पडले आणि मांडीचे हाड मोडून घेऊन बसले. बसले म्हणजे निजले. डॉक्टरांनी तीन महिने पाय हलवायचा नाही म्हणून बजावले. अण्णांचा पाय हलला नाही तरी चालण्यासारखे होते; ट्रक हलला नाही तर मात्र घर चालणार नव्हते. गुळाचा हंगाम नुकता सुरू झाला होता. ट्रक कोल्हापुराहून गुळाच्या ढेपा घेऊन पुण्याला जायचा आणि येताना मिळेल तो माल भरून परतायचा. कोल्हापूर ते पुणे अंतर साधारण २३० किलोमीटर आणि आम्ही राहत होतो साताऱ्यात, म्हणजे जवळजवळ मध्यावर. अण्णा खाटेवरून म्हणाले, "तुमच्या दारावरनंच जातो ट्रक. नुसता हिशेब बघायचा. बाकी मामा आहेत."

मामा म्हणजे ड्रायव्हर. मेहुण्याच्या ट्रकवर मामा ड्रायव्हर, हा विनोद साताऱ्यातल्या निदान पाच जणांनी माझ्यासमोर केला आणि पाचही वेळा मी हसलो. चौदा वर्षे ते अण्णांकडे होते. बुटके, काळेसावळे, डोक्याला मफलर, आणि बोलणे असे की तार करताना लोक शब्द मोजत तसे. पुण्याला जाताना रात्री ते ट्रक आमच्या घरासमोरच्या मैदानात लावत, ओट्यावर येऊन बसत, सौ. त्यांना पितळी भरून चहा देई, तो ते फुंकून फुंकून पीत आणि केबिनमध्ये जाऊन झोपत. पहाटे निघत.

ट्रक १९६६ सालचा. कंपनीचे नाव सांगत नाही. दोष कंपनीचा नव्हता, वयाचा होता, आणि वयाच्या दोषांबद्दल मी हल्ली जपूनच बोलतो. समोरच्या फळीवर चार तबकड्या होत्या. त्यातला वेगाचा काटा शून्यावर कायमचा निवृत्त झाला होता. तेलदाबाचा काटा थरथरत असे, पण कशाबद्दल ते सांगत नसे. डिझेलचा काटा मात्र चालू होता. सगळी भानगड त्यामुळेच झाली. तो साफ बंद असता तर त्याच्याकडे कुणी पाहिले नसते. माणसांतसुद्धा ठार मुक्या साक्षीदाराने कुणाचे नुकसान होत नाही. अधूनमधून बोलणाऱ्याने होते.

मामांचा त्या काट्याशी संबंध नव्हता. सीटच्या मागे त्यांची एक बांबूची कामटी असे, तिच्यावर चाकूने पाडलेल्या खाचा. टाकीचे झाकण उघडायचे, काठी तळाला टेकेपर्यंत सरळ घालायची, बाहेर काढून उजेडात धरायची आणि ओल कुठल्या खाचेपर्यंत आली ते बघायचे. टाकी १६० लिटरची. भरलेला ट्रक लिटरला चार किलोमीटर देई. एवढ्या दोन आकड्यांवर आणि एका काठीवर मामांनी चौदा वर्षे काढली होती.

मी मात्र नवा मालक. नव्या मालकाला वही लागते. मी दोनशे पानी वही आणली, रकाने आखले आणि एका रकान्याला 'काटा: रात्री' व दुसऱ्याला 'काटा: सकाळी' असे मथळे दिले. पहाटे उठून, शाल पांघरून मी केबिनमध्ये चढे, किल्ली फिरवायला लावी आणि नोंद करी. मामा माझ्याकडे, आजारी माणसाच्या हट्टाकडे बघावे तसे बघत.

तिसऱ्या आठवड्यात ते घडले. रात्री काटा अर्ध्याच्या वर होता. सकाळी तो पावाच्या खुणेला टेकला होता. ट्रक जागचा हलला नव्हता. हिशेब अगदी सरळ होता: पाव टाकी म्हणजे चाळीस लिटर डिझेल.

वाचकहो, मी बावीस वर्षे मुलांना अनुमान शिकवत होतो. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे, जसे स्वयंपाकघरात. अन्नंभट्टाने सतराव्या शतकात 'तर्कसंग्रहा'त हे उदाहरण घेतले आणि तेव्हापासून आम्ही मास्तर लोक त्याच डोंगरावर त्याच धुराकडे बोट दाखवीत आलो. खरा डोंगर आणि खरा धूर माझ्या वाट्याला कधी आला नव्हता. आज आला होता. डिझेल उडून जात नाही. टाकीखाली ओल नाही, म्हणजे गळती नाही. कमी झाले, म्हणजे कुणी तरी काढले. रात्रभर ट्रकजवळ एकच माणूस होता. म्हणून त्या माणसाने काढले. या साखळीत एकही कडी सैल नव्हती. खोटे कशाला बोलू, मला दुःखापेक्षा आनंदच जास्त झाला.

"मामा, डिझेल कमी आहे," मी म्हणालो.

"न्हाई मास्तर. कालच्याइतकंच हाय." त्यांनी काठी काढली, टाकीत घातली, माझ्यासमोर धरली. "ही बघा, कालचीच खाच."

"काठी तुमची, खाचा तुमच्या," मी म्हणालो.

एवढेच बोललो. चोर हा शब्द मी उच्चारला नाही, आणि नंतर कित्येक दिवस मी त्याचेच समाधान मानत होतो. मामांनी काठी मफलरने पुसली, सीटमागे ठेवली आणि म्हणाले, "पैसं कापा." मी कापले. चाळीस लिटरचे, दोन हप्त्यांत, भत्त्यातून. वहीत तांबड्या शाईने नोंद केली.

सौ.ला हे कळले तेव्हा ती भाकरी थापत होती. ती थापायची थांबली नाही, फक्त जोर वाढला. "मामांना चोरायचंच होतं तर चौदा वर्षं थांबले असते का? अण्णाच्या लग्नात दागिन्यांचा डबा मामांच्या मांडीवर होता कराडपासून बेळगावपर्यंत!"

मी तिला समजावून सांगितले की, आजवर अमुक झाले नाही म्हणून आजही होणार नाही, हे अनुमान तर्कदृष्ट्या दुर्बळ आहे. ती म्हणाली, "तुमचं तर्कशास्त्र कॉलेजात ठेवून येत जा. छत्रीसारखं."

त्या रात्रीपासून मामा ओट्यावर येईनात. ट्रक मैदानात लागे, मामा उतरून समोरच्या टपरीवर जात, उभ्याने चहा पीत आणि केबिनमध्ये जाऊन झोपत. सौ. पितळी घेऊन दारात उभी राही आणि मग आत जाऊन तो चहा मोरीत ओती, असा की आवाज मला ऐकू यावा. टपरीवर बातमी फुटली होतीच. बरोबरचा किन्नर, म्हणजे क्लीनर पोरगा, आता मला बघून नको इतके वाकून नमस्कार करू लागला. दुसऱ्या एका ट्रकवाल्याने तर मला भर रस्त्यात थांबवून सांगितले, "बरं केलंत मास्तर. ही जातच तशी." या वाक्याने मात्र मला कसेसेच झाले. आपल्या बाजूने कोण उभे आहे हे पाहून आपली बाजू कोणती ते कधी कधी कळते.

आणि काटा उतरतच राहिला. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा.

शेवटी मी ठरवले की पुरावा पक्का करायचा. एका शुक्रवारी रात्री मामांना आणि पोराला म्हणालो, आज तुम्ही वरच्या खोलीत झोपा, ट्रकमध्ये मी झोपतो. मामांनी काहीही न विचारता किल्ली दिली. मी रात्री दहाला काट्याची नोंद केली, अर्ध्यावर दोन रेघा, आणि मामांच्या वाकळेवर आडवा झालो. डिसेंबरची थंडी, डासांची भजने, गुळाचा आणि डिझेलचा मिळून झालेला वास. डोळ्याला डोळा लागला नाही. टाकीच्या बाजूला कुत्रेसुद्धा फिरकले नाही. पहाटे पाचला मी किल्ली फिरवली. काटा हळूहळू चढला आणि पावावर येऊन थांबला.

मी पुन्हा फिरवली. पाव.

आता माझीच साखळी घ्या. डिझेल उडून जात नाही. गळती नाही. रात्रभर ट्रकजवळ एकच माणूस होता. हा माणूस तर्कशास्त्राचा प्राध्यापक असून त्याच्या अंगावर सौ.ने विणलेला स्वेटर होता.

मी बराच वेळ स्टिअरिंग धरून बसलो. मग उतरलो, सीटमागची काठी घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा टाकीत घातली. ओल रात्रीच्याच खाचेवर होती. वास्तविक हे मला पहिल्याच दिवशी करता आले असते. काठी दोन हातांवर होती.

दुपारी वायरमन आणला. पंचविशीतला मुलगा, कानावर विडी, हातात एक बल्ब आणि त्याला जोडलेल्या दोन वायरी, एवढे सामान. प्रथम त्याने फ्यूज पाहिला. बाकीचे काटे हलतात म्हणजे फ्यूज शाबूत. मग फळीमागे हात घालून डिझेलच्या तबकडीवर बल्ब लावला, पेटला. म्हणजे वीज येतेय. मग तो ट्रकखाली सरकला आणि मला हाक मारली, "सर, किल्ली चालू करा आणि काटा बघा."

टाकीवरच्या युनिटला एकच वायर येत होती. ती त्याने सोडवली. काटा खाली पडला, अगदी तळाला. मग त्याने ती वायर चेसीच्या उघड्या लोखंडाला टेकवली. काटा उठला, सावकाश चढत चढत 'फुल'च्याही पुढे गेला.

"टाकी कोरडी असती तरी हितंच गेला असता," तो खालून म्हणाला. त्याने वायर लगेच काढली, फार वेळ टेकवून ठेवली तर तबकडी जळते म्हणाला. "आणि पेट्रोलची गाडी असती तर ही ठिणगी मी तुमच्या कॉलेजात बसून पाडली असती."

मग त्याने मला जे समजावले ते मी आजही वर्गात सांगू शकेन. टाकीत एक पोकळ डबी तरंगते. तिला दांडी. दांडीचे दुसरे टोक बारीक तारेच्या गुंडाळीवर सरकते. डिझेल वर, तर डबी वर, तर विजेच्या वाटेत तार थोडी. वीज भरपूर जाते. डिझेल खाली, तर वाटेत तार लांबलचक. वीज कमी जाते. तबकडीत दोन धातूंची चिकटवलेली एक पट्टी असते, ती विजेने तापली की वाकते आणि काट्याला ढकलते. तापायला वेळ लागतो म्हणून काटा सावकाश चढतो. म्हणजे जो काटा मी टाकीचा समजत होतो, तो टाकीत काय आहे ते बघतच नव्हता. आपल्या अंगातून किती वीज गेली एवढेच तो सांगत होता. बाकीचे सगळे मी लावले होते.

त्याने युनिट टाकीतून बाहेर काढले, डबी कानाशी धरून हलवली. डबीला भोक पडले तर आत डिझेल शिरते आणि ती बुडते, पण हिच्यात खळखळ नव्हती. एक वायर लावून युनिट चेसीला जोडले आणि दांडी हाताने वरखाली केली; काटा शहाण्यासारखा वरखाली झाला.

"सगळं बरोबर हाय सर," तो हात पुसत म्हणाला. "फक्त अर्थ मिळत न्हाई."

मला वाटले, पोरगा तत्त्वज्ञ आहे. मी म्हणालो, "कशात?"

"टाकीत."

मग उलगडा झाला. तबकडीतून आलेली वीज गुंडाळीतून टाकीच्या पत्र्यात, पत्र्यातून चेसीत आणि चेसीतून बॅटरीत परत जायची. या परतीच्या वाटेला ते लोक अर्थ म्हणतात. एकोणीस वर्षांत टाकीच्या पट्ट्यांखाली गंज आणि रंगाचे थर साचले होते. रस्त्याच्या हादऱ्यांनी ते कुठे तरी जुळत आणि काटा खरे बोले. रात्री ट्रक थंड पडे, वर दव पडे, आणि जोड सुटे. वीज कमी जाई, काटा पडे. त्याने पॉलिश पेपरने दोन जागा लोखंड चमकेपर्यंत घासल्या, वीतभर वायर टाकीपासून चेसीला बोल्टने आवळली आणि सहा रुपये घेतले. काटा अर्ध्यावर दोन रेघा.

मामा हे सगळे बाजूला उभे राहून बघत होते. मध्येच त्यांनी वायरमनला पाना दिला, एवढाच त्यांचा सहभाग.

संध्याकाळी मी कापलेले पैसे पाकिटात घातले आणि टपरीवर गेलो. माफी कशी मागावी याची मी चार वाक्ये तयार केली होती. त्यातली दोन बोललो: माझी चूक झाली; दोष अर्थिंगचा होता. मामांनी पाकीट उघडून पैसे मोजले, पुन्हा मोजले आणि साडेतीन रुपये माझ्या हातावर ठेवले. "जादा आल्यात." माझा गुणाकार चुकला होता.

मग ते म्हणाले, "काट्यानं चोर ठरवलं. आता काट्यानंच सोडवलं. ह्यात मी कुठं आलो मास्तर?"

आवाज चढवून म्हणाले असते तर बरे झाले असते. त्यांना खरोखरच विचारायचे होते. मी उत्तर दिले नाही, काय देणार? समजा, वायरमनला दोष सापडला नसता. समजा, मी त्या रात्री ट्रकमध्ये झोपलो नसतो. मामा तितकेच निर्दोष राहिले असते आणि मी त्यांना जन्मभर चाळीस लिटरचा चोर समजलो असतो. त्यांचा प्रामाणिकपणा मला पटला तो एका वीतभर वायरीमुळे. ती वायर तुटली की पुन्हा काय?

आमच्या न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधने सांगितली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. काठी म्हणजे प्रत्यक्ष. काटा म्हणजे अनुमान. आणि 'डिझेल कालच्याइतकंच हाय' हा शब्द, म्हणजे आप्ताचे वचन. आप्त कोण, तर जे जसे आहे तसे सांगणारा. परीक्षेत मुले ही व्याख्या घोकून लिहितात आणि मी दोन गुण देतो. पण माणूस आप्त आहे हे ठरवायचे कसे, हा प्रश्न मी कधी विचारला नाही. त्याचे दर वाक्य काट्याला लावून तपासायचे म्हटले तर तो आप्त कसला, तो दुसरा काटा. आणि डोळे मिटून मानायचे म्हटले, तर जगात खरोखरीची डिझेलचोरीही होतेच. अण्णांकडेच आधीच्या एका ड्रायव्हरने केली होती. म्हणजे माझा संशय मूर्खपणाचा नव्हता. मूर्खपणाचा नव्हता, एवढ्याने तो बरा होता का? मी आजवर हे दोन प्रश्न एकच समजत आलो होतो. मामा जे म्हणाले त्याच्या खाचा माझ्या वहीत नव्हत्या, आणि चौदा वर्षांचा रकाना मी आखलाच नव्हता. सौ.जवळ तो होता. दुर्बळ अनुमान म्हणून मीच तो बाजूला सारला होता.

अण्णांचा मुलगा आता सहा ट्रक चालवतो. त्याच्या टाक्यांत कसलेसे सेन्सर आहेत; डिझेल उतरले की त्याच्या मोबाईलवर घंटी वाजते. मागे जेवायला आला होता तेव्हा मध्येच वाजली. "बघा आतोबा, खंबाटकीत एकदम पंधरा लिटर गेलं," म्हणून त्याने तिथल्या तिथे ड्रायव्हरला फोन लावला. मी म्हणालो, अरे, घाटात टाकी तिरपी होते, डिझेल एका बाजूला जाते. तो म्हणाला, ते सॉफ्टवेअर धरतं. असेल. पाच मिनिटांनी सपाटीला आकडा पुन्हा वर आला. तेवढ्यात तो ड्रायव्हरला काय बोलला ते मी ऐकले होते. त्याने परत फोन केला नाही. आकडा आला ना जाग्यावर, म्हणाला.

मामांचे सांगायचे राहिले. जानेवारीच्या अखेरीस, कडाक्याच्या थंडीत, एका रात्री फाटकाची कडी वाजली. मामा होते. फाटकातूनच म्हणाले, "मास्तर, काटा पुन्यांदा पडला."

मी या क्षणाची वाटच बघत होतो. मी लगबगीने बाहेर आलो आणि जरा दाटल्या आवाजात म्हणालो, "पडू दे मामा. मला काट्याची गरज नाही. तुमची काठी म्हणेल ते मी वहीत लिहीन. माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे."

मामांनी माझ्याकडे नीट बघितले.

"विश्वास ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "काटा दुरुस्त करा. ह्या थंडीत निम्म्या रात्री खाली उतरून टाकीत काठी कोण घालणार? माझी काय हौस हाय व्हय?" आणि ओट्यावर बसून आत तोंड करून म्हणाले, "ताई, च्या टाका."

मी शाल पांघरली, गुपचूप स्कूटर काढली आणि वायरमनच्या घरी गेलो.